परदेशी सिम घ्या, पण घरचा नंबर जागा ठेवा

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर बॅगा उचलून आम्ही बाहेर आलो, तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. सासूबाईंचे पाय सुजलेले, लेक अर्धवट झोपेत चालतेय आणि नवऱ्याला एकच चिंता, हॉटेलपर्यंत टॅक्सी बोलवायची कशी? समोर मोबाइल कंपन्यांचे काउंटर ओळीने होते. एका काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट घेतला, त्याचा फोटो काढला, मग माझाही काढला. बारीक पिनने फोनचा ट्रे उघडून जुनं सिम काढलं, नवं घातलं, जुनं सिम एका कार्डाला सेलोटेपने चिकटवून माझ्या हातात ठेवलं आणि हसून हात जोडले. चार-पाच मिनिटं लागली असतील. फोनवर नेट सुरू झालं. इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर ‘सुखरूप पोहोचलो’ म्हणून फोटो गेला. मला वाटलं, किती सोपं आहे हे! उगीच घाबरत होतो.

ते कार्ड मी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं आणि विसरून गेले.

तिसऱ्या रात्री बडोद्याला माझे बाबा बाथरूममध्ये पाय घसरून पडले. दादा-वहिनी एका लग्नासाठी सुरतला गेले होते, घरात आई एकटीच. आईकडे अजूनही बटणांचा फोन आहे, त्यात व्हॉट्सअॅप वगैरे काही नाही. तिने दादाला कळवलं, शेजारच्या काकांना बोलावलं आणि मग मला फोन लावायला सुरुवात केली. बाबांचा मेडिक्लेम मीच काढलेला, पॉलिसीचा नंबर, कार्ड सगळं माझ्याकडे असतं, हे तिला ठाऊक होतं. माझा फोन बंद. तिने पुन्हा लावला. पुन्हा बंद. नंतर वहिनी सांगत होती, दवाखान्यात पोहोचेपर्यंत आईने दहा-बारा वेळा तरी लावला असेल.

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. आम्ही तेव्हा गाढ झोपेत होतो. वहिनीने गाडीतून व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला होता, पण फोन सायलेंटवर. सकाळी सहाला तो वाचला, ‘ताई, तुमचा फोन का बंद आहे? बाबांना ॲडमिट केलंय, मांडीचं हाड मोडलंय.’

पुढचा तासभर जे झालं ते आज सांगताना हसू येतं, तेव्हा रडू येत होतं. दवाखान्यात कॅशलेससाठी पॉलिसीची माहिती हवी होती. विम्याच्या ॲपवर गेले तर ओटीपी मागितला. ओटीपी जाणार माझ्या भारतातल्या नंबरवर. पर्स पालथी करून ते सिम शोधलं, फोनमध्ये घातलं, तर ‘नो सर्व्हिस’. रोमिंग सुरूच केलेलं नव्हतं. ते सुरू करायला माझ्या मोबाइल कंपनीच्या ॲपवर गेले, तर तिथे लॉगिनसाठी ओटीपी. कुठे? त्याच बंद नंबरवर! नवऱ्याचं भारतीय सिम फोनमध्ये होतं, पण रोमिंग त्याचंही बंद. शेवटी इंदूरला दिराला उठवलं. त्यांनी आमच्या घराचं कुलूप उघडून कपाटातली फाइल शोधली, पॉलिसीचे फोटो काढून दादाला पाठवले आणि दुपारपर्यंत काम झालं.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. आता ते काठी घेऊन चालतात, काठी घरीच विसरून बागेत जातात आणि आईची बोलणी खातात. आईने मला त्या रात्रीबद्दल कधी काही ऐकवलं नाही. परत आल्यावर फक्त इतकंच विचारलं, “तिकडे गेलं की फोन बंद करून ठेवावा लागतो का गं?”

नाही, लागत नाही. मला ते माहीत नव्हतं, एवढंच.

कोणतं सिम काढायचं?

आपल्याकडचे बहुतेक फोन दोन सिमचे असतात, पण परदेशी जाताना दोन्ही जागा अडलेल्या असतात. कुणाच्या फोनमध्ये दोन भारतीय सिम असतात, तर कुणाच्या दुसऱ्या जागेत मेमरी कार्ड बसवलेलं असतं. माझ्या फोनमध्ये हेच होतं, म्हणून त्या मुलीने माझं एकुलतं एक सिम काढलं. तिची काही चूक नाही. मी मेमरी कार्ड काढून जागा मोकळी केली असती तर प्रश्नच नव्हता.

त्यामुळे निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ट्रे उघडून पाहा. मेमरी कार्ड असेल तर त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून ते घरी ठेवा. दोन भारतीय सिम असतील तर बँकेला, आधारला आणि विम्याला जोडलेला नंबर फोनमध्ये राहू द्या, दुसरं सिम घरी ठेवा. अनेक घरांत बँकेचा नंबर वडिलांचा आणि फोन मुलाचा अशी सरमिसळ असते. ती निघण्याआधीच सोडवा, परदेशातून सुटत नाही.

मग त्या राहिलेल्या भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून ठेवा. हे काम भारतातच, घरी बसून करायचं. आपल्या कंपन्यांमध्ये रोमिंगवर येणारा एसएमएस साधारणपणे मोफत असतो, म्हणजे ओटीपी फुकट येतो. मात्र त्यासाठी रोमिंग सेवा चालू असावी लागते आणि काही कंपन्यांच्या प्रीपेड ग्राहकांना त्यासाठी वेगळं रिचार्ज करावं लागतं. आपल्या कंपनीचा नियम ॲपवर पाहा किंवा कस्टमर केअरला विचारा. प्रीपेडची मुदत प्रवासाच्या मधेच संपत नाही ना, हेही बघून घ्या.

फोन आला आणि उचलला तर मिनिटाप्रमाणे पैसे जातात, पॅक नसेल तर बरेच जातात. पण नुसती घंटा वाजली तर काही जात नाही. घंटा वाजणं हेच तर हवं असतं. आईचा फोन दिसला की कट करायचा आणि तिथल्या सिमवरून +९१ लावून तिला परत करायचा. स्थानिक सिमवरून भारतात फोन करायचा दर काय, त्यासाठी वेगळा बॅलन्स लागतो का, हे सिम घेतानाच काउंटरवर विचारा. नुसत्या इंटरनेटच्या सिमवरून साधा फोन जात नाही.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची सेटिंग. फोनमध्ये दोन सिम असताना मोबाइल डेटा फक्त स्थानिक सिमवर ठेवा आणि भारतीय सिमचं ‘डेटा रोमिंग’ बंद करा. रोमिंग चालू आणि डेटा रोमिंग बंद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे फोन आणि ओटीपी येतो, दुसरीमुळे बिल येत नाही. याशिवाय हल्लीच्या फोनमध्ये एक छुपा शहाणपणा असतो. एका सिमचं नेट कमजोर झालं की फोन आपणहून दुसऱ्या सिमवर उडी मारतो. आयफोनमध्ये ‘अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘ऑटो डेटा स्विचिंग’ अशा नावाने तो पर्याय सापडतो. तो बंद ठेवा. गुगल फोटोचं बॅकअप आणि व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोडही बंद करा. फॅमिली ग्रुपवरच्या सुप्रभातच्या व्हिडिओंसाठी कशाला बाटमध्ये पैसे मोजायचे?

व्हॉट्सअॅपचा नंबर बदलू नका

नवं सिम घातलं की व्हॉट्सअॅप कधी कधी विचारतं, नंबर बदलायचा का? बरेच जण घाईत ‘हो’ दाबतात. बदलू नका. व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर, नव्या सिमच्या नेटवर चालतं. आठ दिवसांच्या नंबरवर खातं नेलंत तर परतल्यावर पुन्हा सगळं उलटं करावं लागतं आणि तो नंबर पुढे दुसऱ्याच कुणाला तरी मिळतो. तिकडच्या तात्पुरत्या नंबरवर बँक, ईमेल, काहीही जोडू नये ते याच कारणासाठी.

भारतीय सिम फोनमध्येच ठेवायला आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना आदेश दिला की ज्या सिमवर खातं आहे ते सिम फोनमध्ये असायला हवं. यूपीआयची ॲपही सिमच्या बाबतीत संशयी असतात. सिम काढून परत घातलं की पुन्हा पडताळणी मागतात आणि त्यासाठी फोनवरून एसएमएस जावा लागतो. परदेशात तो गेला तर पैसे लागतात, नाही गेला तर यूपीआय बंद. सिंगापूर, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, यूएई अशा देशांत काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं. ते वापरायचा विचार असेल तर ॲपमधला आंतरराष्ट्रीय व्यवहाराचा पर्याय घरीच चालू करून पाहा.

काउंटरवर काय विचाराल?

पासपोर्ट जवळजवळ सगळीकडे लागतो. सिम तुमच्या नावावर नोंदलं जातं आणि म्हणूनच कुणी परतणारा पाहुणा आपलं उरलेलं सिम प्रेमाने देऊ लागला तरी घेऊ नये, स्वतःचंही कुणाला देऊ नये. रस्त्यावरच्या टपरीवाल्याला पासपोर्टचा फोटो काढू देणं मला तरी पटत नाही. विमानतळावर सिम शहरापेक्षा महाग पडतं हे खरं, पण पहाटे पाचला म्हाताऱ्या माणसाला घेऊन शहरातलं दुकान शोधण्यात काय बचत? एकटे तरुण असाल तर विमानतळाच्या वाय-फायवर टॅक्सी बोलवा आणि सिम सावकाश शहरातल्या कंपनीच्या दुकानातून घ्या.

विचारायच्या गोष्टी अशा, किती दिवस चालणार आणि ते दिवस आजपासून मोजणार की चोवीस तासांच्या हिशेबाने? ‘अनलिमिटेड’ असेल तर किती जीबीनंतर वेग कमी होणार? हॉटस्पॉट देता येतो का? साधा फोन करता येतो का? काउंटरवरच भाषा इंग्रजी करून घ्या, एखादं पान उघडून पाहा, नंबर लिहून घ्या. तिथून हलल्यावर ‘सिम लागत नाही’ म्हणून परत येणं म्हणजे पुन्हा अर्ध्या तासाची रांग. आणि जुनं सिम काढावंच लागलं तर ते कुठे ठेवलं, हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

थायलंडमध्ये मुख्य कंपन्या एआयएस आणि ट्रू. डीटॅक ही तिसरी कंपनी २०२३ मध्ये ट्रूमध्ये विलीन झाली. सिंगापूरला सिंगटेल, स्टारहब, एमवन. श्रीलंकेत डायलॉग आणि मोबिटेल, भूतानमध्ये बी-मोबाइल आणि ताशीसेल. नेपाळमध्ये काठमांडू-पोखऱ्यात एनसेल चांगलं चालतं, पण मुक्तिनाथच्या बाजूला किंवा ट्रेकला निघणार असाल तर सरकारी नेपाळ टेलिकॉमची रेंज बरी. नेपाळ-भूतानला पासपोर्टशिवायही जाता येतं म्हणून आपण बिनधास्त असतो. सिमसाठी मात्र ओळखपत्राची प्रत आणि एक-दोन पासपोर्ट साइज फोटो पाकिटात असू द्या. जम्मू-काश्मीरला बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम बंद पडतं हा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. देशातच हे, मग सीमेपलीकडे तर धरूनच चाला.

दुबईला मुलीकडे किंवा भावाकडे जाणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे व्हॉट्सअॅपवरून फोन लागत नाही. सिम खराब नसतं. यूएईमध्ये व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, पण व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलवर बंधन आहे. तिथले लोक बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. नातवंडांचा व्हिडिओ कॉल रोज हवाच असेल तर आजीच्या फोनवर ते ॲप निघण्याआधी घालून, एकदा लावून दाखवा.

चीनचं उलटंच. तिथलं सिम घेतलं तर गुगल आणि व्हॉट्सअॅप दोन्ही चालत नाहीत. भारतीय सिमवर रोमिंग पॅक घेतलं तर चालतात, कारण रोमिंगचं नेट आपल्या कंपनीमार्फत फिरून येतं. तेव्हा चीनला जाणाऱ्याने स्थानिक सिमच्या फंदात पडूच नये. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी बहुतेक सिम फक्त डेटाची असतात, त्यावरून साधा फोन होत नाही.

युरोप म्हणजे सगळा युरोप नव्हे

आमच्या सोसायटीतलं एक जोडपं गेल्या वर्षी युरोपच्या ग्रुप टूरला गेलं. पॅरिसला सिम घेतलं, बेल्जियम, जर्मनीत झकास चाललं. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनच्या देशांत ‘घरच्यासारखं रोमिंग’ हा नियम आहे, म्हणजे एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशाशिवाय चालतं. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइनही त्यात येतात. पण आपल्या टूरचा सगळ्यात लाडका देश त्यात येत नाही. कोणता? अर्थातच स्वित्झर्लंड! तो युरोपियन युनियनमध्ये नाही. यांनी बसमधून आल्प्सचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली आणि सिममधला सगळा बॅलन्स अर्ध्या तासात संपला. तेही बरं, कारण सिम प्रीपेड होतं. पोस्टपेड असतं तर आल्प्स पर्वत बिलात दिसला असता.

काही कंपन्या आपल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड आणि इंग्लंड स्वतःहून देतात, काही देत नाहीत. इंग्लंडही आता युनियनबाहेर आहे. पाकिटावर ‘युरोप’ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, खाली बारीक अक्षरांत देशांची यादी असते, ती वाचा. चष्मा काढायला लागला तरी चालेल.

दुसरा खड्डा समुद्रात आहे. सिंगापूरहून क्रूझ घेणारी खूप कुटुंबं आहेत. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर साध्या रोमिंगमध्ये बसत नाहीत. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. फोटो काढायला तेवढा पुरतो.

ई-सिम आणि अमेरिकेहून आलेला फोन

आता ट्रे न उघडताही सिम मिळतं. ई-सिम म्हणजे फोनच्या आतच बसवलेली चिप. ऑनलाइन पॅक घ्यायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, झालं. भारतीय सिम जागचं हलत नाही, हा मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. तुमचा फोन त्यासाठी चालतो का, हे पाहायचं असेल तर *#०६# लावा. आयएमईआयसोबत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे.

ते बसवायला इंटरनेट लागतं, म्हणून घरच्या वाय-फायवरच बसवून घ्या. क्यूआर कोड त्याच फोनच्या स्क्रीनवर असेल तर स्कॅन कशाने करणार? तो दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर घ्या. दिवस केव्हापासून मोजतात तेही पाहा. काही पॅक बसवल्या क्षणापासून सुरू होतात, काही तिथलं नेटवर्क पकडल्यावर. माझ्या मैत्रिणीने सात दिवसांचं पॅक उत्साहाने चार दिवस आधीच बसवलं आणि व्हिएतनाममध्ये तिसऱ्या दिवशी नेट गेलं. शिवाय बरीच पर्यटक ई-सिम नुसत्या डेटाची असतात, त्यांना फोन नंबरच नसतो. टॅक्सीचं ॲप भारतीय नंबरवर घरीच सुरू करून ठेवलं तर अडचण येत नाही.

आणि एक खास आपल्या घरांमधली गोष्ट. मुलगा अमेरिकेत असतो, नवा आयफोन घेतो, जुना आई-बाबांना देतो. तिकडे फोन अनेकदा एखाद्या कंपनीच्या हप्त्यावर घेतलेले असतात आणि हप्ते फिटेपर्यंत त्याच कंपनीला बांधलेले असतात. अशा लॉक फोनमध्ये दुसरं सिम चालत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’ इथे ‘कॅरिअर लॉक’ पाहा. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं असेल तर मोकळा. आणखी म्हणजे, आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोनना सिमचा ट्रेच नाही. असा फोन घेऊन काठमांडूच्या दुकानात उभं राहाल तर दुकानदार आणि तुम्ही दोघंही त्या फोनच्या चारही कडा तपासत बसाल.

चौघांत एकच सिम पुरतं का?

आम्हीही पैसे वाचवायला एकच सिम घेतलं होतं, बाकी सगळे माझ्या हॉटस्पॉटवर. पहिल्या दिवशी याचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी चातुचकच्या बाजारात गेलो. हा बँकॉकचा शनिवार-रविवारचा बाजार, हजारो दुकानं, सगळ्या गल्ल्या सारख्या. सासूबाई एका मातीच्या भांड्यांच्या दुकानाशी थांबल्या आणि आम्ही पुढे निघून गेलो. माझ्यापासून लांब गेल्या तशा त्या नेटपासूनही लांब गेल्या. त्यांच्या फोनवर ना फोन लागत होता, ना मेसेज. पाऊण तास आम्ही तिघं तीन दिशांना शोधत होतो. सापडल्या तेव्हा त्या त्याच दुकानात स्टुलावर बसल्या होत्या आणि दुकानदारीणबाईंनी दिलेलं नारळपाणी पीत होत्या.

“मी हललेच नाही,” त्या म्हणाल्या. “हरवलात तुम्ही.”

तेव्हापासून माझा हिशेब असा, दोन मोठ्या माणसांकडे स्थानिक सिम आणि साठीपुढच्या प्रत्येकाच्या फोनवर भारतीय रोमिंग पॅक. पॅक महाग असतं, मान्य. पण त्यात ट्रे उघडायचा नाही, नंबर बदलायचा नाही, सेटिंग शिकवायची नाही. विमानातून उतरून फोन चालू केला की चालू. आई-बाबा एकटेच ग्रुप टूरला निघाले असतील तर त्यांना ई-सिम-बिम समजावण्यात जीव घालू नका, पॅक टाकून द्या. फक्त विमान मधे जिथे बदलायचं तो देशही पॅकमध्ये आहे का, एवढं पाहा. तीन-चार दिवसांच्या सहलीला तर सगळ्यांनीच पॅक घेतलेलं बरं पडतं, आठवड्यापुढे गेलात की स्थानिक सिम किंवा ई-सिम स्वस्त.

नेट असो-नसो, गुगल मॅपवर त्या शहराचा नकाशा आणि ट्रान्सलेटमध्ये तिथली भाषा घरीच डाउनलोड करा. हॉटेलचं कार्ड प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा, स्थानिक लिपीत पत्ता असलेलं. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा घरच्या माणसाला एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आमचा नंबर लागला नाही तर कुणाला फोन करायचा. विम्याची कागदपत्रं तुमच्या फोनशिवाय आणखी एका माणसाकडे असू द्या. आमच्याकडे आता ती दादाकडे आहेत, आणि दिराकडे घराची किल्ली.

गेल्या मे महिन्यात आम्ही सिंगापूरला गेलो. या वेळी मेमरी कार्ड घरी, ई-सिम आधीच बसवलेलं, भारतीय सिमवर रोमिंग चालू. निघताना आईला फोनवर सांगितलं, “मी पोहोचले की तुला वहिनी सांगेल. मग तू तुझ्या फोनवरून मला एकदा लाव. मी उचलणार नाही, कट करीन. घाबरू नकोस. मग मीच लावते.”

चांगी विमानतळावर फोन चालू केला. भारतीय सिमने नेटवर्क पकडायला दोन मिनिटं घेतली, तेवढ्यात मी चार वेळा स्क्रीन पाहिली. वहिनीला मेसेज टाकला. आम्ही बॅगांची वाट पाहत होतो आणि फोन वाजला. ‘आई’. मी लगेच कट केला नाही, दोन घंटा वाजू दिल्या. मग कट करून तिला लावला. फोन करायची सोय असलेलं ई-सिम मी मुद्दाम शोधून घेतलं होतं.

“लागला गं!” आई म्हणाली. मग पलीकडे वळून मोठ्याने, “अहो, लागला. सिंगापूरला लागला.” मागून बाबांचा आवाज आला, काय म्हणाले ते कळलं नाही.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“म्हणतायत, बिल किती येईल ते विचार आणि ठेव.”